शेजीराव गेली

रंजू, परवा तुझ्या तेरवीला मांडवात बसले होते. एक म्हातारेबुवा काठी टेकत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "आपला शेजीराव गेला ना वो, नलूबाई." मी नुसती मान हलवली. शेजारी तुझ्या वहिनीच्या माहेरची एक मुलगी बसली होती. तिला काही कळेना. "शेजीराव कोण? गेली ती तर रंजूआत्या ना?" तिनं विचारलं.

तिला काय सांगू? सुरुवात कुठून करू? जपानपासून?

पंगत उठेपर्यंत जमेल तसं सांगितलं, पण सगळं मागचंपुढचं झालं. संध्याकाळी जामला, माझ्या सासरी, परत येताना एसटीत खिडकीशी बसून मनातल्या मनात ते पुन्हा नीट सांगू लागले, आणि देवळीकडची शेतं मागे पडेपर्यंत लक्षात आलं की मी त्या मुलीला सांगतच नाहीये. तुलाच सांगतेय. तुला सगळं माहीत असूनही. घरी येऊन वही काढली, वहिनीला फोनवर तसं सांगितलंही. तर आता ऐक. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तू मध्ये बोलणार नाहीस, आणि मला तेच सहन होत नाही.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आपण. देवळीच्या कॉलेजात इतिहास शिकवायला नवे सर आले होते. वर्ध्याच्या स्पर्धेसाठी नाटक बसवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मावळे येणार, ढाली-तलवारी येणार. सरांनी फळ्यावर समुद्र काढला. समुद्रात धूर सोडणारी काळी जहाजं काढली. मग खडू झटकत त्यांनी जपानची गोष्ट सांगितली. पिढ्यान्‌पिढ्या शोगुनचं, म्हणजे सरसेनापतीचं, राज्य चाललेलं. देशाचं दार बाहेरच्यांना बंद. ज्याचा जन्म जिथं, त्याची जागा तिथं: वर सामुराई, खाली शेतकरी, मग कारागीर, मग व्यापारी, आणि या सगळ्यांच्या खाली चामड्याचं काम करणारे, ज्यांना माणसांत धरतच नसत. अशात एक दिवस परदेशी जहाजं तोफा घेऊन किनाऱ्याला लागली आणि राज्य आतून किती पोकळ झालंय ते उघडं पडलं. विशी-पंचविशीतल्या काही सामुराईंना कळलं की आता तलवारीनं भागणार नाही. माणसं बदलावी लागतील.

अशा दोन-चार तरुणांची आयुष्यं एकात कालवून सरांनी स्वतःचा एक सामुराई तयार केला होता. त्याचं नाव सेइजिरो. हलक्या दर्जाचा, गरीब घरचा सामुराई. घरामागच्या गोठ्यात शाळा काढतो. भूगोल शिकवतो, परदेशी वैद्यक शिकवतो. सरदाराला तोंडावर सांगतो की अधिकार जन्मावर देऊ नका, लायकीवर द्या. आणि शाळेत सामुराईची पोरं आणि चामडं कमावणाऱ्यांची पोरं एकाच चटईवर एका रांगेत बसवतो. सरदाराची माणसं आधी गोडीनं सांगतात, त्यांच्यासाठी वेगळी शाळा काढ, आम्ही तांदूळही पुरवू. तो नाही म्हणतो. मग पकडायचा हुकूम निघतो.

सेइजिरोचं काम करायला मुलांनी उड्या मारल्या. सरांनी सगळ्यांना जमिनीवर गुडघे मोडून, पाठ ताठ ठेवून बसायला सांगितलं. थोड्याच वेळात मुलं चुळबुळायला लागली. एकजण आडवाच झाला. तू मागे मुलींच्या बाकाजवळ गंमत म्हणून बसली होतीस, ती बसूनच राहिलीस. सर म्हणाले, "पाठ दुखत नाही का?"

"निंदणीले दिवसभर वाकून राह्यतो सर," तू म्हणालीस. "ताठ बसाले भेटलं, हा तर आराम हाये."

सामुराई ठरला. माझा आवाज मोठा, म्हणून मला सेइजिरोच्या मित्राचं काम मिळालं.

तुझ्या बाबांच्या धोतराच्या चुण्या घालून आपण त्याचा घेरदार पायजमा केला. माझ्या आईचं गंगावन तुझ्या डोक्यावर अंबाड्यासारखं बांधलं. तलवार सुताराकडच्या सागाच्या पट्टीची होती आणि ती कमरेला नीट राहत नव्हती, त्यामुळे तू चाललीस की ती मागे शेपटीसारखी हलायची. गावात शाळेच्या पटांगणावर रंगीत तालीम ठेवली, तेव्हा पात्रांची नावं वाचणाऱ्या गुरुजींना "सेइजिरो" काही जमेना. माइकवर ते ठणकावून म्हणाले, "शेजीराव!" झालं. लोकांना वाटलं कोणीतरी सरदार असेल आपल्याच इतिहासातला. शेजीरावासाठी शिट्ट्या वाजल्या, आणि शेवटी शेजीरावाला धरून नेलं तेव्हा बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. त्या दिवसापासून तू अख्ख्या गावाची शेजीराव झालीस.

तुझा मोठा भाऊ, वासुदेवदादा, त्या दिवशी भडकून आला होता. बहीण धोतर घालून लोकांसमोर उभी राहते म्हणजे काय. तुला ओढून घरी न्यायचं म्हणून आला आणि मागच्या भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभा राहिला. घरी जाताना एवढंच म्हणाला, "तलवार होती ना कमरेले? मंग काढली काऊन नाई?"

तू म्हणालीस, "काढली असती तर तू समोरच्याकडं पाह्यलं असतं, दादा. माह्याकडं पाह्यलं नसतं."

दादाला ते समजलं की नाही, कोण जाणे. मलाही तेव्हा समजलं नव्हतं.

शेवटचा प्रवेश आपल्या दोघींचा. पकडायला माणसं येतायत हे कळल्यावर मी गवताच्या चपला आणि प्रवासाचा परवाना घेऊन येते. डोंगरातून वाट आहे, खाडीत होडी थांबलीय, चल. तू म्हणायचीस, "मी गेलो तर उद्या ही पोरं कोणासमोर बसतील?" मी तुझे पाय धरायचे. तू खाली बसून माझे हात सोडवायचीस आणि दाराकडे चालू लागायचीस. सर सांगत, इथं रडायचं नाही. पण मला दरवेळी रडू यायचं, कारण मला खरंच वाटायचं की यानं पळावं. लेखकानं लिहिलंय म्हणून मी ते बोलत नव्हते. जिवंत माणूस हजार गोष्टी करू शकतो. मेलेल्याच्या नावानं लोक फक्त उदबत्ती लावतात.

वर्ध्याला स्पर्धेच्या दिवशी सरांनी शांतिस्तूपाजवळ राहणाऱ्या एका वृद्ध जपानी भिक्खूंना बोलावलं होतं. पिवळ्या वस्त्रातले ते बारीकसे गृहस्थ पहिल्या रांगेत बसले होते. नाटकानंतर मेकअपच्या खोलीत आले, तुझी सागाची तलवार हातात घेऊन हसले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "तलवार कम. झुकना ज़्यादा." मग तिथंच, त्या पावडर सांडलेल्या फरशीवर, त्यांनी तुला वाकायला शिकवलं. कमरेतून, सावकाश, नजर खाली. तूही वाकलीस. बराच वेळ तुम्ही दोघं एकमेकांसमोर वाकलेले होता आणि आम्ही बाकीचे हसू दाबत होतो.

मी त्यांना विचारलं, "ऐसे लोग सच में थे?"

"बहुत थे," ते म्हणाले. "जो बहुत अच्छे थे, जवान मर गए. जो बच गए, वो मंत्री बने. उन्होंने नया देश बनाया. ऊँच-नीच का क़ानून हटाया."

आपलं भांडण तिथून सुरू झालं. परतीच्या ट्रॅक्स जीपमध्ये मी म्हटलं, ऐकलंस ना? जे वाचले त्यांनीच देश बनवला. शोगुन थोड्याच वर्षांत गेला. तुझा सेइजिरो जरा लपून राहिला असता तर त्यानंच तो कायदा केला असता. तू म्हणालीस, वाचलेल्यांना ते सुचलं कोणामुळं? मी म्हटलं, सुचायला मरायची काय गरज? सर पुढच्या सीटवर बसून हसत होते. "भांडा," म्हणाले, "जपानमध्येही अजून भांडतात." मग आपण वीसेक वर्षं भांडलो. कधी तुझ्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत, कधी माझ्या जामच्या भोजनालयात, कधी नुसती फोनवर. दुसऱ्या बायका मैत्रिणींशी नवऱ्याबद्दल बोलतात. आपण दोघी एका न झालेल्या जपान्याबद्दल बोलायचो.

माझं लग्न होऊन मी जामला आले. चौफुलीवर यांचं भोजनालय, ट्रकवाल्यांची सतत वर्दळ. सांबारवड्यांसाठी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडता निवडता माझे दिवस जायला लागले. तू गावातच राहिलीस. बाबा गेल्यावर दादाबरोबर शेती पाहिलीस आणि संध्याकाळी ओसरीवर पोरांची शिकवणी घेऊ लागलीस. आपल्या आळीतली पोरं, बौद्ध मोहल्ल्यातली पोरं, सगळी एकाच सतरंजीवर. एक-दोन स्थळं आली, तू हो म्हणाली नाहीस, आणि मग कोणी विचारायचं सोडून दिलं. तुला त्याचं वाईट वाटल्याचं मला कधी दिसलं नाही. वाटलं असेल तर तू ते माझ्यापासूनही लपवलंस.

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा गावानं तुला बिनविरोध बसवलं. कारण सगळ्यांना माहीत होतं: सही रंजीची, कारभार वासुदेवाचा. दादाचाही तोच समज. पहिल्या वर्षी तसं झालंही. आणि मग तो पाऊस आला.

दुसऱ्या दिवशी तू जामला आलीस ते मला अजून दिसतंय. अंगावरच्या साडीच्या काठाला चिखल वाळलेला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तसाच राहिला.

"सोनाबाई गेली काल," तू म्हणालीस.

सोनाबाई आपल्या दोघींच्या घरी निंदणीला यायची. बौद्ध मोहल्ल्यातली. आपल्याला तिनंच पहिल्यांदा विडी ओढून दाखवली होती आणि मग पाठीत धपाटेही घातले होते.

"आपल्या स्मशानात शेड हाये. त्यायच्या इकडं, नाल्याच्या पलीकडं, काय हाये? उघडी जागा. लाकडं ओली, पाऊस वरून. चार पोरं टिनाचे पत्रे डोक्यावर धरून उभी होती, नले. हातानं. चितेवर पाणी नाई पडलं पाह्यजे म्हणून. पत्रा तापला की हात सोडाचे, मंग दुसरे धराचे. आणि आपलं शेड तिकडं रिकामं. दिसून राह्यलं होतं तिथून."

"तू काय केलं?"

"मी म्हणली, देवराव, उचला, आपल्या शेडात नेऊ. मी सरपंच हाव, मी म्हणतो." देवराव म्हणजे सोनाबाईचा मुलगा. "तो म्हणे, ताई, तुमी म्हणता ते बराबर हाये. पण उद्या आमाले याच गावात राहाचं हाये. पत्रा धराचा असन तर धरा, नाई तर घरी जा."

"मग?"

"मंग काय. धरला पत्रा."

तू तळहात उघडून दाखवलास. बोटांच्या पेरांवर फोड होते. तेव्हा तू ग्लास उचललास, आणि सगळं पाणी एका दमात प्यायलीस.

पुढच्या ग्रामसभेत तू ठराव मांडलास. गावाला एकच स्मशान, एकच शेड, कोणाचंही प्रेत तिथं येईल. मी तान्ह्या पोळ्याच्या सणाला माहेरी आले होते, म्हणून सभेला बसता आलं. ज्यांना आपण लहानपणापासून नाना म्हणतो ते उठले. वाईट माणूस नव्हे. त्यांनी शांतपणे सांगितलं, "रंजे, त्यायलेही शेड पाह्यजे, मान्य हाये. तिकडं दुसरं बांधून देऊ. आजच ठराव लिहा. कोणाची ना नाई."

मला वाटलं, संपलं. छान झालं. मग तुझ्याकडे पाहिलं. तू नाटकातल्यासारखी ताठ बसली होतीस.

"नाना, जितेपणी दोन मोहल्ले," तू म्हणालीस. "मेल्यावरबी दोनच का?"

सभा उधळली. घरी येऊन मी तुझ्याशी तावातावानं भांडले. पावसात कोणी भिजू नये हे महत्त्वाचं की तुझं तत्त्व महत्त्वाचं? आधी शेड घे, पत्रा धरणाऱ्या पोरांचे हात वाचव, बाकीचं दहा वर्षांनी बघू. तू म्हणालीस, "एकदा दुसरं शेड झालं ना नले, की दहा वर्षांनी कोणी हा प्रश्नच इचारणार नाई. सगळे म्हणतीन, त्यायले हाये ना." मी म्हटलं, तू शेजीराव करतेयस. तू म्हणालीस, "हो. आणि तू आली चपला घेऊन."

दोघी हसलो. पण त्यानंतर बरेच दिवस फोन केला नाही एकमेकींना.

अविश्वास ठराव आला. तुझ्या बाजूनं दोन हात वर झाले. दादाही पंचायतीत सदस्य होता, पण त्याचा हात त्यात नव्हता. त्यानं घरात चूल वेगळी केली, आणि ज्या ओसरीवर सतरंजी पसरायचीस तिथं मधोमध कापसाची गाठोडी रचून ठेवली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुझ्याकडे कोणी आलं नाही. वहिनी अंगणात तुझ्यासमोरून जायची आणि बोलायची नाही. शिकवणीला मोहल्ल्यातली पोरं तेवढी येत राहिली.

तेव्हा मी तुला न्यायला आले. यांच्याशी बोलून आले होते. भोजनालयाच्या मागे खोली रिकामी होती, हायवेवर शाळा होती, तिथं शिकवायला बाई हवी होती. अंगणात उभं राहून मी म्हटलं, "चल रंजू. कोणासाठी थांबून राह्यली इथं?"

तू गुरांना पाणी दाखवत होतीस. बादली खाली ठेवलीस. "इथं माह्यं काम हाये."

"कोणतं काम? सरपंचकी गेली. भाऊ बोलत नाई."

"बोलन कधी ना कधी," तू म्हणालीस. "तेव्हा मी घरी पाह्यजे ना."

मी एकटीच परतले. त्या दिवशी तुझा राग आला होता. पण रंजू, एक गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही. पुढे माझी आई गेली. भाऊ पुण्याला गेले, घर विकलं. मला गावात उतरायला एकच दार उरलं, तुझं. दरवर्षी मी तुझ्याच ओसरीवर येऊन चार दिवस राहिले. तुझ्याच हातची पातोडीची भाजी खाल्ली. तुझ्याच अंगणात केस धुतले. मी तुला न्यायला आले होते तेव्हा तू आली असतीस, तर मला माहेर उरलं नसतं. तू म्हणालीस की तुझं काम आहे. त्यातलं एक काम मीच होते, हे मला किती उशिरा कळलं. तुला कळलं होतं का? विचारायचं राहून गेलं.

नव्या सरपंचानं नाल्याच्या पलीकडे शेड बांधलं. पक्कं, सिमेंटच्या खांबांचं. आपल्यापेक्षा चांगलं. उद्घाटनाला तू गेलीस आणि मागे उभी राहून टाळ्या वाजवल्यास. रात्र व्हायच्या आत मला फोन केलास.

"झालं वो शेड. आता पत्रे धरा नाई लागणार. तू जिंकली."

"मग आवाज असा काऊन?"

"अर्धी जिंकली, म्हणून."

मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. आणि खरंच, त्यानंतर कोणी प्रश्न विचारला नाही. तू म्हणाली होतीस तसंच झालं. आणि पावसात कोणी भिजलं नाही, मी म्हणाले होते तसंही झालं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपलं भांडण कोण जिंकलं, ते मला आजही ठरवता येत नाही.

मग तुझं ते पोटाचं दुखणं. तू अंगावर काढलंस, आणि वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर डॉक्टर नुसते हळू आवाजात बोलत होते. दादा रोज सकाळी डबा घेऊन यायचा. किती वर्षांनी त्या दोन चुली एका डब्यात आल्या होत्या. तो तुझ्याशी बोलत नसे, पण तू खाईपर्यंत पलंगाशी बसून राहायचा, आणि तू टाकलेलं स्वतः संपवायचा.

एका दुपारी खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं होतं. तू म्हणालीस, "दादाले सांगतलं मी. मले नाल्याच्या पलीकडं नेजो."

मी हादरले. "काय म्हणाला तो?"

"काईच नाई. डबा धुवाले गेला."

"काऊन त्याले पेचात टाकून राह्यली वो? तुझं होऊन जाईल. त्याले तिथं राहाचं हाये, पोरीचं लग्न कराचं हाये."

तू उन्हातले पाय चादरीखाली ओढून घेतलेस. मग म्हणालीस, "त्याले पेचातून सोडवून राह्यली मी."

हे आपलं शेवटचं भांडण. त्यानंतर तू थोडंच बोललीस, आणि तेही पाण्याबद्दल, उशीबद्दल.

तुला गावी आणलं तेव्हा सकाळ होती. बांधाबांधावर पळस फुललेला. अंगण माणसांनी भरलं होतं. इतकी वर्षं न आलेली माणसंही आली होती. नानांनी येऊन दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लाकडं टाकाले सांगतलं, वासुदेवा. आपल्या इकडं."

दादा भिंतीला टेकून बसला होता. वर न बघता म्हणाला, "तिकडं टाका, नाना."

"तिकडं म्हणजे?"

"नाल्याच्या पलीकडं. रंजीनं सांगतलं होतं."

नाना हळूच म्हणाले, "मरतं माणूस काईबी सांगते, बाप्पा. आपण आयकाचं असते का?"

दादा उठला. विस्तवाचं मडकं हातात घेतलं. "जितेपणी नाई आयकलं, नाना," तो म्हणाला. "आता आयकतो."

आणि चालू लागला.

गावाबाहेर विसावा आहे, तिथं तिरडी टेकवून खांदे बदलतात, आणि बायका तिथूनच माघारी फिरतात. सरळ रस्ता आपल्या स्मशानाकडे जातो, डावीकडची पायवाट नाल्यात उतरते. तिथं तुला टेकवलं. काही माणसं सरळ रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, जणू तिकडंच जायचंय. नानाही त्यांच्यात. पायवाटेवरून देवराव आणि मोहल्ल्यातली माणसं वर आली. देवराव दादासमोर येऊन थांबला. देवरावनं पुढचा खांदा घेतला. मागे तुझ्या ओसरीवर शिकलेले दोघं आले, आता चांगले बाप्ये झालेले. तिरडी उचलली आणि डावीकडे वळली.

मी बायकांत उभी होते. आता मागे फिरायचं. आईच्या वेळी फिरले होते, सासूच्या वेळी फिरले होते. पाय उचलेना. एवढ्यात माझ्या बाजूनं कोणीतरी पुढे गेलं. तुझी वहिनी. जी अंगणात तुझ्यासमोरून न बोलता जायची, ती. तिनं पदर कमरेला खोचला आणि पायवाटेनं नाल्यात उतरू लागली. कोणीतरी म्हणालं, "वो, बायकायनं नाई जा लागत." ती मागे न बघता म्हणाली, "मले ठाऊक हाये." मग मी उतरले. मागे आणखी पायांचे आवाज येत राहिले. वळून पाहिलं नाही.

नाल्याला पाणी नव्हतं. वाळूत माझी चप्पल रुतली, ती तिथंच सोडली.

दादानं अग्नी दिला तेव्हा मी तुला खूप जवळून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी चिता पाहिली आणि ती तुझी होती. विसाव्यापाशी नाना लिंबाखाली बसलेले दिसत होते. ते पलीकडे आले नाहीत. पण धूर निघेपर्यंत घरीही गेले नाहीत.

गाव बदललं असं मी म्हणणार नाही, रंजू. तू असतीस तर तूही म्हटलं नसतंस. दोन शेडं आहेत, तशीच आहेत. तेरवीला मोहल्ल्यातली माणसं जेवायला आली, पण दूर सावलीत त्यांनी आपापली पंगत धरली, आणि त्यांना इकडं या म्हणायला दादाच उठला. कोणी आले, कोणी नाही आले.

काल दुपारी दादाचा फोन आला. त्यानं मला आधी कधी फोन केला नव्हता. गिऱ्हाइकांची गर्दी होती, मी मागच्या खोलीत गेले. जेवली का, पोरं कशी आहेत, सगळं विचारून झालं. मग म्हणाला, "तू रंजीवर काईतरी लिहून राह्यली म्हणे. तुही वहिनी सांगत होती."

"हो दादा. तिलेच लिहून राह्यली."

मागे कुठंतरी बैल हंबरला.

"मंग तिले एक सांगजो माह्याकडून," दादा म्हणाला. "म्हणा, पोराले सांगून ठेवलं म्या. मले बी तिकडंच नेतीन. जागा धरून ठेवजो म्हणा."